रोझविथाचा लाल रंग
“ही आमची गाडी नव्हे,” न्यूब्लिंग मास्तरांनी हातातली छोटी गाडी टेबलावर परत ठेवली.

वर्षातून एक शनिवार आमचा कारखाना लोकांसाठी खुला असतो. अंगणात सॉसेज भाजतात, गावातल्या बायका बटाट्याचं सॅलड आणतात आणि आत म्हातारे पुरुष नव्या खेळातल्या आगगाड्या भिंगातून तपासतात. ‘खेळातल्या’ म्हटलेलं त्यांना खपत नाही, ती गोष्ट वेगळी. यंदा सगळी मदार या एकाच गाडीवर होती. पूर्वी आमच्या दरीतून धावणारी एक डब्याची लाल गाडी आम्ही बनवली होती, तब्बल सातशे. मास्तरांच्या रेल्वेप्रेमी मंडळाने त्या घेतल्या तर आमची हाइडलाउफ कंपनी हिवाळा काढणार होती. नाहीतर चार पिढ्यांच्या कारखान्याला कुलूप.

आमचे व्यवस्थापक श्पेट पांढरे पडले. “रंगाचा नंबर रेल्वेच्याच कागदावरून घेतलाय, मास्तर.”

“नंबर बरोबर असेल हो. पण या गाडीने मी नऊ वर्षं शाळेत गेलोय. ती अशी काळवंडलेली नव्हती.”

रंगखात्यातल्या रोझविथा हाइशने हे वसंतातच सांगितलं होतं. मी शेजारच्या खोलीत गाड्या खोक्यात भरते, त्यामुळे सगळं कानावर पडलं. मोठ्या गाडीचा रंग जसाच्या तसा वीतभर गाडीला दिला की तो गडद दिसतो. तो उजळवावा लागतो, आणि किती ते डोळाच सांगतो. श्पेट नाकासमोर चालणारा माणूस. हे गिऱ्हाईक गाडीवरचे खिळेसुद्धा मोजतं हाइशबाई, ते म्हणाले, नंबर चुकला तर आपल्याला फाडून खाईल. त्यांचंही खोटं नव्हतं. रोझविथाने खांदे उडवले आणि सातशे गाड्या नंबराप्रमाणे रंगवल्या. तिथे तिने भांडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

त्या शनिवारी मात्र ती एक कोरा सांगाडा घेऊन आपल्या खिडकीपाशी गेली. अर्ध्या तासाने चिमट्यात धरून ओली गाडी घेऊन आली. टेबलाभोवतीचे म्हातारे पुढे वाकले.

“वरच्या स्टेशनावर आई उभी असायची,” मास्तर म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ घातला नाही. रूळ उखडून पन्नास वर्षं झाली. तरी त्या क्षणी आम्हा सगळ्यांना ती गाडी हवीशी झाली.

पण गाडी एकच होती. बाकीच्या पुन्हा रंगवायला कंपनीत जीव उरला नव्हता. मंडळाने भिडेखातर चाळीस उचलल्या आणि नोव्हेंबरात कारखाना बंद झाला.

साचे आणि नाव उत्तरेकडच्या एका कंपनीने घेतलं. त्यांचा माणूस सभ्य होता. लाल रंगाची कृती तेवढी लिहून द्या, त्याने रोझविथाला विनवलं, आम्ही तीच गाडी नीट काढू. ती तीन दिवस तराजू घेऊन बसली. दर वेळी रंग जमायचा आणि दर वेळी वजनं वेगळी यायची. दिवस ढगाळ असला की पिवळा जास्त लागायचा. शेवटी तिने वजनं खोडली आणि कागद माझ्या हातात दिला. शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: ‘पांढरा घालू नका, गुलाबी होतो. पिवळा घाला. खिडकीपाशी नेऊन बघा. अजून नाही वाटलं तर अजून थोडा घाला.’

“अगं, थांबायचं कधी ते लिहिलंच नाहीस,” मी म्हटलं.

“काय लिहू?” ती हात पुसत म्हणाली. “त्यांनी खरी गाडी पाहिलेलीच नाही.”

मी कागदाची घडी करून साच्यांच्या खोक्यात ठेवली आणि वरून चिकटपट्टी लावली.