पेटी मोजून राह्यली

मी पेटी बोलतेय. सूर काढणारी नव्हे, आणि दागिने ठेवायची तर मुळीच नव्हे. चहाच्या खोक्याच्या फळ्या, वर टेलिफोनची जुनी डायल आणि पोटात तारांचं भेंडोळं, असा माझा अवतार. पण हसू नका. जळगाव जामोदला रेल्वे नाही. गाडी धरायची तर नांदुऱ्याला जावं लागतं. तरी या गावातल्या एका ओसरीवर रोज गाडी सुटायची, आणि ती माझ्या हुकमाने सुटायची.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. मला घडवलं इंद्रभान मिस्त्रींनी. तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढून ते गावी परतले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि मोडीतलं सामानच जास्त होतं. त्यांच्या बायकोने, रुखमाबाईने, ट्रंक उघडून पाहिली आणि ती म्हणाली, "तीस वर्स शेत म्या पायलं, बैल म्या पायले, अन् तुम्ही हे आनलं?" मिस्त्री नुसते हसले.

ओसरीवर दोन जुनी दारं आडवी टाकून त्यांवर पत्र्याच्या पट्ट्यांचे रूळ बसवले. एका टोकाला नांदुरा, दुसऱ्या टोकाला जळगाव जामोद, मध्ये निळ्या रंगाची पूर्णा नदी आणि तिच्यावर पूल. इंजिन लाकडाचं, काळ्या रंगाचं, पोटात इवलीशी मोटर. बाजूला जीपची जुनी बॅटरी.

माझं काम सोपं होतं. डायलवर एक फिरवून सोडला की टक, गाडी सुटते. टक टक झालं की वेग घेते. तीनला उलटी चालते, चारला थांबते. मी टकटक मोजते आणि तेवढी वीज रुळांत सोडते. रुळांतून ती चाकांत जाते, चाकांतून मोटरीत. मोजण्यात मी आजवर एकदाही चुकले नाही. हे मीच सांगितलेलं बरं, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

गाडी थांबली की मिस्त्रींचा पहिला गुद्दा माझ्या पाठीत. कधी तार सुटलेली असायची, कधी पुलावर मुंगळा अडकलेला असायचा, पण मार खायचा मी. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

मला जीव लावला तो त्यांच्या मुलीने, कोकिळेने. मॅट्रिक झालेली, अठरा वर्षांची. माझ्या पोटातली बारीक तारेची गुंडाळी तिनेच वळली होती, एक वेढा दुसऱ्यावर चढू न देता. तिला खामगावला वीजकामाच्या वर्गात जायचं होतं. मिस्त्रींची ना नव्हती. पण घरात शेवटचा शब्द त्यांच्या थोरल्या भावाचा, वडनेर भोलजीच्या भगवंतरावांचा. त्यांनी निरोप धाडला होता, "पोळ्याच्या करीले येतो. गाडी चालवून दाखवा. चालली त जाऊ द्या पोरीले खामगावले. नाही चालली त दिवाळीनंतर सोयरीक पाहा." वर्गात एकच जागा उरली होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी रुखमाबाई गोठ्यातून आली. बैलांची खांदमळणी झाली होती. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं, अशी रीत. वाटीत तूप उरलं होतं. ओसरीवर ती एकटीच होती. तिने इंजिनाकडे बघितलं, मग उकिडवी बसली आणि चाकांना, रुळांना, पार नांदुऱ्यापासून जळगावपर्यंत तूप-हळद चोळली. अगदी मायेने. "तूबी राबतं बापा माह्या पोरीसाठी," ती म्हणाली. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मला आवतन नव्हतं. मी थोडी फुगले, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी पोळा. पोळ्याला कोणाला कामाला जुंपायचं नाही, म्हणून गाडीलाही रुखमाबाईने सुट्टी दिली. त्यामुळे रुळांची काय गत झाली आहे, ते कोणाला कळलंच नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळीच भगवंतराव आले. पांढरा रुमाल, हातात काठी. खाटेवर बसले आणि म्हणाले, "हं, सोडा गाडी."

मिस्त्रींनी एक फिरवला. टक. मी मोजलं, वीज सोडली. गाडी हलली नाही. पुन्हा एक, मग दोन. टक टक. इंजिन जागचं हलेना.

"झाली का चालून?" भगवंतरावांनी विचारलं.

 मिस्त्रींनी मला एक गुद्दा घातला, मग दुसरा, मग पेचकस घेऊन माझं झाकणच उघडलं. "डायल बिघडली," ते म्हणाले आणि कोकिळेने वळलेली गुंडाळी उपटायला चिमटा पुढे केला. मी पार हादरले. ती निघाली असती तर आठ दिवस कोणी मला जोडू शकलं नसतं, आणि खामगावची ती जागा तोवर थांबणार होती थोडीच.

कोकिळेने त्यांचा हात धरला. "बाबा, पेटीले मारू नका. पेटी बरोबर मोजून राह्यली. आवाज आयका ना."

तीस वर्षं सिग्नल सांभाळलेला माणूस, पण थोरल्या भावासमोर त्याला माझी टकटक ऐकूच आली नव्हती.

कोकिळेने छोटा दिवा घेतला, त्याच्या दोन्ही तारा माझ्या टोकांना लावल्या. दिवा पेटला. म्हणजे मी निर्दोष. मग त्याच तारा रुळांवर टेकवल्या. दिवा विझलेलाच. तिने तार दाबून घासली, दिवा लुकलुकला. तिने बोट रुळावरून फिरवलं, बघितलं, हुंगलं. बोट पिवळं होतं.

तिने हळूच दाराकडे पाहिलं. दारात रुखमाबाई उभी होती, आणि तिचा चेहरा उतरला होता.  चिंधी रॉकेलमध्ये भिजवून कोकिळेने रूळ पुसले, चाकं पुसली, कोरड्या फडक्याने पुन्हा पुसली.

"काय झालं होतं वं?" भगवंतरावांनी विचारलं.

"धूळ बसली होती, मोठेबाबा."

तेव्हा जिने थोरल्या दिरासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं, ती रुखमाबाई डोक्यावरचा पदर सारखा करून बोलली. "धूळ नाही जी. तूप हाय. म्या खांदमळणी केली त्याची. पोरीचा काही कसूर नाही."

 भगवंतरावांनी इंजिनाकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशा हलू लागल्या. "खांद्याले लावाव बाई," ते म्हणाले. "खुराले तूप लावलं त बैलबी घसरन." आणि इतके हसले की काठी हातातून पडली. मिस्त्री हसले, शेवटी रुखमाबाईही पदरात तोंड घालून हसली.

कोकिळेने एक फिरवला. टक. गाडी नांदुऱ्याहून सुटली, पूर्णेवरून खडखडत गेली आणि जळगाव जामोदला पोचली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

"सरका, मले फिरवू द्या," भगवंतराव म्हणाले. मग जेवणाची पानं वाढेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. तीन फिरवून गाडी उलटी न्यायची आणि खुशीत मान डोलवायची, हाच खेळ. पुरणपोळीच्या पानावर बसल्यावर त्यांनी निकाल दिला. "सगळे पेटीले मारत होते. पोरीनं पायलं. जाऊ द्या तिले."

कोकिळा खामगावला गेली, शिकली, आता तिथेच मोटरी दुरुस्त करते. मी ओसरीवरच्या फळीवर असते. डायलवरचे आकडे झिजलेत, पण मोजणं पक्कं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल तर एवढंच ऐका: काही अडलं की आधी रूळ पुसा, मग आमच्या पाठीकडे वळा.

दर पोळ्याला कोकिळा घरी येते. आदल्या संध्याकाळी रुखमाबाई वाटी घेऊन ओसरीवर येते. इंजिनाच्या छपराला तूप लावते, मग बोट माझ्यापाशी आणून थांबते.

"कोकिळे, इथं लावलं त चालन ना वं?"

"झाकणावर लाव आई. तिथं चालते."

माझ्या झाकणावर पिवळा ठिपका उमटतो. "आज आवतन घे," रुखमाबाई मला म्हणते, "उद्या जेवाले ये."