स्टोव्हवरची वीज

पत्र्याच्या डब्यात गार पाणी ओतून त्याने तांब्या बादलीत सोडला.

“झालं का, सरकार? की आता नदीच वळवून आणू?”

“तोंड कमी चालवा,” बायको स्टोव्हची वात वर करत म्हणाली.

तो निवृत्त बसचालक, ती स्टोव्ह आणि कंदील दुरुस्त करणारी. परवाच्या वादळात विजेचे खांब आडवे झाले होते. टॉवर तेवढा शाबूत होता, पण घरोघरचे फोन मान टाकून पडले होते. दूर शहरात मुलगी बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. ‘कळा सुरू झाल्या,’ एवढं जावयाने कळवलं आणि यांचा फोन बंद पडला. तेव्हापासून चालकाच्या विनोदांना ऊत आला होता. घशाखाली घास मात्र उतरत नव्हता.

शेवटी बायकोने माळ्यावरून आपलं यंत्र काढलं होतं. दोन धातूच्या पट्ट्या, मध्ये पातळ चकत्या, खाली ज्योत आणि वर पाण्याचा डबा. या खटाटोपाची त्याने गावभर टिंगल केली होती.

शेजारचा शिंपीही आपला फोन घेऊन उंबऱ्यात येऊन बसला.

“वहिनी, वर चहाच ठेवा की. एका दगडात दोन पक्षी.”

“भावजी, खाली आच आणि वर गारवा, त्या फरकातून वीज निघते. चहा उकळला की संपलं सगळं.”

पण वीज काही निघेना. शिंपी जांभई देऊ लागला. चालकाला एक टोमणा सुचला होता, तेवढ्यात बायकोच्या कपाळावरचा घाम त्याला दिसला आणि त्याने टोमणा गिळला. तिने एक तार सोडवली, खरवडली, पुन्हा पिळली. यंत्राला जोडलेल्या त्यांच्या फोनच्या कोपऱ्यात इवलासा दिवा लागला.

फोन जरा तरतरीत होताच त्याने जावयाचा नंबर लावला. उचलला मुलीनेच.

“बाबा, होतात कुठे तुम्ही? मुलगी झाली!”

त्याने फोन बायकोच्या कानाला लावला. ती हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती.

“अगं, वीज कुठली? स्टोव्हवर केली मी! सांगते, ऐक...”

तेवढ्यात आतल्या खोलीतला पंखा घरघरला. बायकोची तिकडे पाठ होती. चालक अलगद उठला, आत गेला, पंख्याचं बटण बंद केलं आणि येताना दारही ओढून घेतलं.

शिंप्याचं लक्ष समोरच्या घरातल्या उजळलेल्या खिडकीकडे गेलं. त्याने बोलायला तोंड उघडलं. चालकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी मांडी घातली.

“ऐका हो जरा,” तो हळूच म्हणाला, “मीही पहिल्यांदाच नीट ऐकतोय.”