प्राणांच्या चौकोनातलं भोक

थांबा, चुलीत टाकण्याआधी माझं जरा ऐकून घ्या. मी ओल्वे शाहिराचा कागद बोलतोय. आयविंदच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पेटत्या चुलीपासून दोन हातांवर पडलोय. कुणी दार उघडलं की माझा कोपरा उचलला जातो आणि वाटतं, गेलो! दार लागतं, मी पुन्हा टेबलावर. दुपारपासून हेच चाललंय. जीव टांगणीला लागतो म्हणजे काय, ते मला विचारा.

माझा जन्म ट्रॉनहाइमच्या एका शाळेतल्या प्रिंटरवर झाला. तोरुन त्या दिवशी तिथे गणित शिकवत होती. ‘त्या दिवशी’ म्हणतो, कारण आदल्या दिवशी तिनं मुलांकडून कवायत करून घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाचा तास घ्यायचा होता. जो रजेवर जाईल त्याच्या जागी तोरुन. अशा बदली माणसाला इकडच्या भाषेत ‘विकार’ म्हणतात. तुम्ही दचकाल, पण इथे तो अगदी साधा शब्द आहे. तरी तिचा दमलेला चेहरा बघून मला कधी कधी वाटतं, तुमचाच अर्थ खरा असावा.

रविवारी दुपारी तिघं जमतात. आयविंद गोष्ट रचतो आणि सांगतो. तोरुन आणि तिचा धाकटा भाऊ गाउते त्या गोष्टीतला एकेक माणूस होतात. त्यांना काय जमलं, काय फसलं, ते फासे ठरवतात. त्या माणसाची सगळी कुंडली माझ्यासारख्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेली असते. माणूस गोष्टीत मेला की त्याचा कागद तिथल्या तिथे चुलीत टाकायचा, ही यांची रीत.

पहिल्या रविवारी गाउतेनं योद्धा घेतला. नाव हालवोर. ढाल, कुऱ्हाड, विषय संपला. तोरुन मात्र पेन्सिल चावत बसली.

“अगं, घे ना एक काहीतरी! वाफल्स गार होतायत,” गाउते म्हणाला.

“एकच घ्यायचं म्हटलं की बाकीची सगळी सुटतात ना रे.”

“मग स्काल्ड घे,” आयविंद म्हणाला. “त्याला सगळं थोडं थोडं येतं.”

स्काल्ड म्हणजे तुमचा शाहीर समजा. तो मी.

आता स्वतःबद्दल खरं सांगायचं तर माझीच पंचाईत होते. ओल्वे गातो. तलवार चालवतो, पण हालवोरच्या निम्मीही नाही. जखम बांधतो, मात्र मोठी जखम दिसली की त्याची विद्या संपते. कुलपं उघडतो, सात भाषा बोलतो, रुसलेल्या राजाला हसवतो, थोडी जादूही येते. कुठे काही अडलं की सगळे ओल्वेकडे बघतात. आणि मारामारी सुरू झाली की पहिला आडवा होतो तोही ओल्वेच. माझ्यावर प्राणांचा एक चौकोन आहे. मार बसला की त्यातला आकडा खोडायचा, बरं वाटलं की पुन्हा लिहायचा. तीन वर्षांत तोरुननं तो इतक्यांदा खोडला की कागद झिजून आरपार भोक पडलं. हालवोरचा चौकोन अजून धडधाकट. मला त्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

ओल्वेची सगळ्यात मोठी करामत मात्र माझ्यावर दिसतच नाही. तो चार ओळी गातो आणि सोबत्याला हुरूप देतो. मग तोरुन एक निळा फासा गाउतेपुढे ठेवते. आकडा कमी पडला तर त्यानं तो टाकायचा आणि येईल ते आपल्या आकड्यात मिळवायचं. साधी गोष्ट. पण अहो, लोक विसरतात! फासा बशीमागे जातो, खिशात जातो. एकदा तो गाउतेच्या जाकिटातून धुलाईच्या यंत्रात जाऊन आला. तोरुन बिचारी दर वेळी आठवण करून द्यायची. शेवटी गाउते चिडला.

“मी काय कुक्कुलं बाळ आहे? आजपासून नियम. ज्यानं फासा दिला त्यानं तोंड उघडायचं नाही!”

आयविंदनं मान डोलावली, नियम झाला. त्या दिवसापासून माझी उपयुक्तता जवळजवळ संपली, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गेल्या रविवारी ओल्वे पुन्हा कोसळला. त्याला ओढत बाहेर काढताना हालवोरही जखमी झाला.

“तोरुन, राग मानू नकोस,” गाउते म्हणाला, “पण आपल्याला खरा वैद्य हवा. हा तुझा शाहीर म्हणजे सगळ्या कामांचा विकार.”

तो हसला. तोरुनही हसली, पण तिचं बोट माझ्या भोकावरून फिरत होतं. ती एवढंच म्हणाली, “पुढच्या वेळी वैद्य आणते. ओल्वे तेवढा एक डाव खेळेल, मग त्याचाही कागद चुलीत.” त्या हसण्याचा मला फार राग आला. मला कामाचा नाही म्हणालात तर म्हणा, पण तिला ते लागलं हो!

म्हणून आज माझ्याशेजारी वैद्याचा कोराकरकरीत कागद पडलाय. सगळे चौकोन शाबूत. मी त्याच्याशी बोललो नाही.

आजच्या गोष्टीत दरीवर दोरांचा पूल होता. पलीकडे राक्षस. हालवोरनं एकट्यानं पूल अडवून धरायचा होता. ओल्वे मागे उभा राहून गायला. तोरुननं निळा फासा नेहमीसारखा गाउतेपुढे ठेवला. गाउतेनं “हं” म्हटलं आणि तपकिरी चीजवर हात मारला. मी डोळ्यांनी, म्हणजे माझ्या भोकातून म्हणा, बघत होतो: त्यानं वाफल्सची बशी पुढे ओढली आणि फासा तिच्या काठाखाली गेला.

“पंधरा लागतील,” आयविंद म्हणाला.

गाउतेनं आपला फासा टाकला. सगळं मिळून बारा.

मी फडफडलो. दार बंद होतं, तरी फडफडलो. तोरुननं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. तिचे ओठ हलले, मिटले. आयविंदनं पुन्हा विचारलं.

“बाराच?”

“बाराच. चल, सांग पुढे.”

“दोर तुटतो,” आयविंद हळू आवाजात म्हणाला. “हालवोर दरीत पडतो.”

तीन वर्षांचा हालवोर. गाउते उठला. काहीतरी करायचं म्हणून तो बशा गोळा करू लागला आणि बशीखालून निळा फासा निघाला.

त्यानं तो उचलून टाकला. उगाचच. पाच पडले; तीनही पुरले असते.

“तू बोलली का नाहीस?” त्यानं तोरुनला विचारलं.

“नियम तुझा होता, गाउते.”

त्यानं फासा तळहातावर घेतला. मग नाक ओढून म्हणाला, “किती वेळा विसरलो असेन गं मी? ओल्वे दर वेळी देत होता, आणि मी त्यालाच कुचकामी म्हणत होतो.”

“त्याला नाही, मला म्हणत होतास,” तोरुन म्हणाली. गाउतेची मान खाली गेली.

त्यानं वैद्याचा कागद आपल्याकडे ओढला. “हा मी घेतो. ओल्वेला राहू दे. कुणीतरी त्याच्या जखमा बांधायला नको का?” हालवोरचा कागद त्यानं चुलीकडे नेला, मग परत आला आणि त्याच्या प्राणांचा चौकोन कात्रीनं कापून तोरुनपुढे ठेवला. बाकीचा कागद चुलीत गेला. मला आता त्याचा हेवा वाटत नाही.

तोरुन तो तुकडा माझ्या भोकावर चिकटवतेय. डिंक ओला आहे, मला स्वस्थ पडवत नाही. तिची पेन्सिल वर थांबलीय, आकडा अजून लिहायचाय. मागणं एकच: कुणी तुमच्यासाठी चार ओळी गाऊन पुढ्यात निळा फासा ठेवला, तर तो बशीखाली ढकलू नका. देणाऱ्याला आठवण करून द्यायची मुभा नसते.