ऑगस्टातली रजई

ऑगस्टात मुंबईत रजई भरून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा बाप. घाटकोपरच्या भटवाडीत आम्ही राहायचो. त्या दिवसांत अंगावर चादरसुद्धा नको व्हायची. पण सप्टेंबरात मी इंग्लंडला चाललो होतो, आणि तिकडे बादलीतल्या पाण्याचा दगड होतो असं बाबांना कुणीतरी सांगितलं होतं.

साल ब्याऐंशी. गिरण्यांचा संप जानेवारीपासून चालू होता. बाबा, दत्ताराम घाडी, एकवीस वर्षं कार्डिंग खात्यात होते. तिथे यंत्रावर कापूस पिंजतात. मला कापडाचंच पुढचं शिकायला यॉर्कशरची स्कॉलरशिप मिळाली. चाळीने माझा सत्कार केला, आणि हार घातला तो बाळा सावंतांनी. बाबांच्या शेजारच्या मशीनवरचा हा माणूस आमच्या भागातल्या संप कमिटीचा पुढारी होता. मी त्यांना बाळाकाका म्हणायचो.

तरी कुजबुज होतीच. संपातल्या माणसाचा पोरगा विमानात कसा बसतो? फुकट कोण नेतं रे विलायतेला? स्कॉलरशिप म्हणजे काय ते लोकांना सांगून सांगून आईचं तोंड दुखलं.

पासपोर्ट तेवढा यायचा राहिला होता. चौकशीला आलेला हवालदार चहा पिऊन उठता उठता म्हणाला, "पोरा, रिपोर्ट जाईपर्यंत कुठं नाव येऊ देऊ नको. साधी मारामारीची नोंद झाली ना, तरी वाट लागली समज." ते बाबांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ते मला नळावरसुद्धा पाठवेनात, तिथे भांडणं होतात म्हणून.

त्या बुधवारी बाबा कुणाला न सांगता कुर्ल्याला पिंजाऱ्याकडे गेले. आईच्या माहेरची जुनी गादी उसवून तिचा कापूस नेला होता. पिंजारी म्हणाला, उद्या या. पण आठ महिने रिकामे बसलेले हात शिवशिवत होते. बाबांनी त्याची धनुकली मागून घेतली आणि दोन तास स्वतःच कापूस पिंजत बसले. मोठ्या खुशीत होते, असं पिंजाऱ्याने मला नंतर सांगितलं.

संध्याकाळी सहाला ते चाळीच्या चौकात शिरले तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत, कानांवर कापूस होता. भटवाडीत आठ महिने कुणाच्या डोक्यात कापूस दिसला नव्हता. कापूस दिसला म्हणजे माणूस गिरणीतून आला, संप फोडून चोरून कामावर गेला. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

बाळाकाका पुढे झाले. त्यांनी बाबांच्या केसांतून बोटांच्या चिमटीत एक पुंजका उचलला आणि सगळ्यांना दाखवला.

"दत्त्या, कुठल्या गेटातनं शिरलास? बोल!"

"पिंजाऱ्याकडे गेल्लंय रे, बाळ्या! झिलाक रजई भरतंय!"

चौकात हशा पिकला. ऑगस्टात पोराला रजई! बाळाकाकांची थप्पड बसली तसा बाबांच्या केसांतला कापूस उडाला. मग लाथा सुरू झाल्या. कुणीतरी सायकलची चेन काढली आणि ती बाबांच्या तोंडावर बसली. मी गॅलरीतून पाहत होतो. नारळ सोलायचा कोयता घेऊन खाली धावलो. डोकं फिरलं होतं माझं. बाळाकाकांची मान मला एवढी जवळ दिसत होती की हात लांब केला असता तरी पुरे होतं.

बाबा जमिनीवर होते. रक्ताने माखलेला तो माणूस सरपटत आला आणि त्याने दोन्ही हातांनी माझे पाय धरले.

"टाक तो कोयतो! माका मारतत ते मारूंदेत. तुझो पासपोर्ट... तुका माझी शपथ आसा, नंदू!"

हात माझ्या पायांत गुंतलेले, त्यामुळे डोकं उघडं पडलं. चेन दुसऱ्यांदा बसली ती उजव्या डोळ्यावर. तिसऱ्यांदा कुठे बसली ते मी पाहिलं नाही. बाबांची पकड काही सुटली नाही.

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही. ते पाय मला सोडवून घेता आले असते. मी एकवीस वर्षांचा, रोज व्यायाम करणारा. एक झटका पुरला असता. मी कोयता टाकला आणि उभा राहिलो, कारण पासपोर्ट मलाही हवा होता.

डॉक्टरांना बाबांनी जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं. डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी पिंजारी सायकलवर रजई घेऊन आला. "घाडी कुठे राहतात? काल बिचाऱ्यांनी माझ्याकडे दोन तास काम केलं," असं तो चौकात उभा राहून विचारत होता. ते सगळ्यांनी ऐकलं. बाळाकाका आमच्या उंबऱ्याशी येऊन बसले, ढसाढसा रडले. "दत्त्या, तोंडात मार माझ्या," म्हणाले. बाबांनी आईला त्यांच्यासाठी चहा टाकायला लावला. सप्टेंबरात पासपोर्ट आला. सहार विमानतळावर माझी बॅगसुद्धा बाळाकाकांनीच उचलली, आणि मी ती उचलू दिली. माझ्या मुठी खिशात होत्या.

यॉर्कशरला थंडी खरंच तशी होती. रजई मी एकदाही अंगावर घेतली नाही, कपाटात कोंबून ठेवली. माझ्या वर्गात कॉलिन नावाचा मुलगा होता. फार चांगला. आपला जुना कोट त्याने मला दिला होता, रविवारी घरी जेवायला नेत असे. नोव्हेंबरात आमचं कार्डिंग मशीनवरचं पहिलं प्रॅक्टिकल झालं. मशीन बंद करून मी वळलो. कॉलिन हसला, त्याने हात पुढे केला आणि माझ्या केसांतून चिमटीत कापसाचा पुंजका उचलला.

मी त्याला मारलं. एकदा नाही. तो पडल्यावरही मारलं, गुडघा छातीवर देऊन, त्याच्या तोंडातून रक्त येईपर्यंत आणि आल्यावरसुद्धा. तिघांनी मिळून मला ओढून काढलं. त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. का मारलंस, असं सगळ्यांनी विचारलं. केसांतला कापूस काढला म्हणून, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? स्कॉलरशिप गेली. डिसेंबरात मी रजईसकट भटवाडीत परत आलो.

बाबा खाटेवर बसले होते. संप तसाच चालू होता. आई रडायला लागली. बाबांनी तिला हाताने थांबवलं आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघत सगळं ऐकून घेतलं.

"त्या पोरान तुझा काय केल्लान?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"मारूचा होता तर तेवाच बाळ्याक मारूचा होतास," ते म्हणाले. "माझ्या हातांत तेवा जोर खंय होतो?"