प्रबुद्धवाडीची हद्द

टॉवरवाल्यांनी वाडीच्या तोंडाशी असलेला ‘प्रबुद्धवाडी’ हा फलक उपटला आणि त्याच खांबावर ‘व्हॅली व्ह्यू लेन’ असं झकपक नाव ठोकलं. व्हॅली कसली डोंबलाची? समोर नाला वाहतो. पण दहाव्या मजल्यावरून नालासुद्धा व्हॅली दिसत असेल, कोण सांगणार!

पायल अंबरनाथ पूर्वेला ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवायची. तिच्या आईने, जनाबाईने, तिला सुनावलं, “पोरांना जगाचा नकाशा शिकवतेस, अन् घरचं नाव पुसलं तर गप?” इथे दलदल होती तेव्हा जनाबाईच्या पिढीने डोक्यावर घमेली वाहून भराव टाकला होता. हे नाव त्यांनी कुणाकडे मागितलं नव्हतं. स्वतः ठेवलं होतं.

रविवारी टॉवरच्या सोसायटीच्या मीटिंगला मायलेकी बिनबोलावता जाऊन बसल्या.

“आमचा फलक परत लावा,” पायल म्हणाली.

अध्यक्ष श्यामकांत कारखान्यातले निवृत्त अधिकारी. आवाज अजून शिफ्ट सांभाळल्यासारखा. “मॅडम, तुम्ही भूगोलाच्या ना? मग प्रबुद्धवाडी नावाचा भाग दाखवा. अर्धी घरं उल्हासनगरात, अर्धी अंबरनाथमध्ये. ज्याला धड हद्द नाही, तो भाग कसला?”

“अक्षांश-रेखांश हवेत तर देते सर. आम्ही काही चंद्रावर राहत नाही.” पायल उभीच राहिली. “पण भाग नुसत्या सरकारी रेघेने होत नाही. माणसं कुठे जमतात, कशासाठी येतात-जातात, कशाला आपलं म्हणतात, त्यानेही होतो. वैशाख पौर्णिमेला आमच्या विहारात खीर शिजते. पातेलं अंबरनाथच्या बाजूने निघतं, तुमची ती रेघ ओलांडून उल्हासनगर कॅम्प पाचच्या मोतीबाईच्या दुकानापर्यंत जातं. ती सिंधी बाई पापडांची चळत देते, मग पातेलं मागे फिरतं. तिथपर्यंत प्रबुद्धवाडी.”

“खिरीची हद्द!” कुणीतरी खिदळलं. सगळे हसले.

“हसा,” जनाबाई म्हणाली. “भराव टाकताना आमच्यावर बेडूकसुद्धा हसायचे.”

तेवढ्यात श्यामकांतांचा फोन वाजला. ऐकू कमी येई, म्हणून फोन कायम स्पीकरवर. त्यांच्या मुलीला, अनुयाला बघायला बदलापूरहून पाहुणे निघाले होते आणि रिक्षा भलतीकडेच फिरत होती.

“साब, किधर आनेका?” रिक्षावाला वैतागला होता.

“व्हॅली व्ह्यू लेन.”

“वो किधर आया?”

“अरे, अंबरनाथ ईस्ट!”

“ईस्ट तो बहुत बडा है साब. कुछ पहचान बोलो ना.”

श्यामकांतांनी सभेकडे पाहिलं. सभा त्यांच्याकडे बघत होती. फोनमधून मागून पाहुण्यांचा आवाज आला, “राहू दे, परत फिरूया.” श्यामकांतांनी फोन तोंडाजवळ घेतला.

“प्रबुद्धवाडी,” ते पुटपुटले.

“क्या?”

“प्रबुद्धवाडी! विहार के बाजू में!” ते ओरडले. अख्ख्या हॉलने ऐकलं.

“अरे, तो ऐसा बोलो ना! दो मिनट में आया.”

आता हसणं वेगळं होतं. पायल मात्र हसली नाही. “सर, फलक,” ती एवढंच म्हणाली.

पहिला हात वर झाला तो श्यामकांतांच्या बायकोचा, वृंदाताईंचा. “लावा हो तो फलक. मी तर भाजीवाल्यालासुद्धा प्रबुद्धवाडीच सांगते.” मग एकेक हात वर गेला. श्यामकांतांचा सगळ्यात शेवटी, पण गेला.

फलक लागला, पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरांत. लावताना जनाबाई खाली उभं राहून हुकूम सोडत होती, “अजून वर! नाल्यापलीकडून दिसला पाहिजे!”

वैशाख पौर्णिमेला मोतीबाईकडून पापड घेऊन पातेलं मागे फिरलं. वाडीतली पोरं सवयीने विहाराकडे वळली. जनाबाईने त्यांना टॉवरच्या फाटकाशी अडवलं.

“लिफ्टने वर न्या. प्रत्येक मजल्यावर.”

“त्यांना कशाला, आई?” पायल चिडली. “आपलं नाव उपटलं त्यांनी!”

जनाबाईने पदर खोचला आणि ताठ मानेने दहा मजले खालून वर न्याहाळले. स्वतःच बांधल्यासारखे.

“पत्ता विचारला की काय सांगतात? प्रबुद्धवाडीत राहतात ना ते? मग आपल्या वाडीतलं घर खिरीवाचून ठेवायचं?”

आणि पहिली वाटी घेऊन ती स्वतःच लिफ्टमध्ये शिरली.