जानेवारीचा आकडा

माझ्या काचेखालची सुई गव्हाच्या कुसाएवढी बारीक आहे. स्थिर होण्याआधी ती दोनदा थरथरते, पहिल्यांदा जास्त, दुसऱ्यांदा कमी. मे महिन्यातल्या त्या दुपारी मात्र ती थरथरली नाही. सरळ खाली जात राहिली.

मित्रांनो, मी एक जुना मेगर आहे. वायरीवरचं प्लास्टिक विजेला किती घट्ट अडवून धरतं, ते मोजणं हे माझं काम. काळ्या बेकेलाइटची पेटी, बाजूला दांडा, दोन तारा आणि त्यांना दोन चिमटे, एवढाच माझा संसार. दांडा जोरात फिरवला की माझ्या पोटात पाचशे व्होल्ट तयार होतात. आकडा मोठा आला तर वायर निरोगी. एकच्या खाली गेला तर धोका.

जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात मी एकवीस वर्षं काढली. तिथले फोरमन श्रीरंग माझ्याशिवाय कोणाच्या शब्दावर मशीन सुरू करत नसत. पुढे पडद्यावर आकडे दाखवणारी नवी यंत्रं आली आणि मला भंगारात काढलं. लिलावातून श्रीरंगांनीच मला घरी आणलं, जुन्या मफलरमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलं. तेव्हापासून मला वर्षातून एकदाच बाहेर काढतात.

जबलपुरातच, चेरीताल भागात मराठी मंडळाचा हॉल आहे. वर पत्रा, पत्र्याखाली तो पेलणाऱ्या आठ लोखंडी कैच्या, म्हणजे त्रिकोणी सांगाडे, आणि कैच्यांना आधार देणारे लोखंडी खांब. कैच्यांवरून गेलेली सगळी वायर श्रीरंगांनी निवृत्तीनंतर स्वतः ओढली, एक पैसा न घेता. मेन बोर्डाला त्यांनी भेडाघाटहून संगमरवराची पाटी घडवून आणली. त्या पाटीचा त्यांना फार अभिमान.

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तपासणी, असा बावीस वर्षांचा रिवाज. हॉल रिकामा असतो, उरलेल्या तिळाच्या वड्या असतात, चहा असतो. बाहेर बारा अंश तापमान. माझी सुई दोनशेवर थांबते. श्रीरंग वहीत लिहितात, 'उत्तम'. वायर बदलायचा विषय सहा वर्षं मंडळाच्या बैठकीत येत होता आणि दर वेळी हीच वही दाखवून मिटवला जात होता.

मी कधी खोटं बोललो नाही, मित्रांनो. पण मला नेहमी थंडीतल्या एकाच सकाळी विचारलं गेलं.

मे महिन्यात हॉलवर मुलांचं शिबिर सुरू झालं. संध्याकाळी पाच ते सात, पन्नास मुलं. तिसऱ्या दिवशी अवंती नावाची आठ वर्षांची मुलगी श्रीरंगांच्या मुलीला, विनताला म्हणाली, "दीदी, खांबाला हात लावला की मुंग्या येतात." विनता कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने इलेक्ट्रिशियन नथ्थूला खांब तपासायला लावला. काही सापडलं नाही. संध्याकाळी दुसऱ्या मुलाने तेच सांगितलं.

"काहून एवढं मनावर घेऊन राहिली तू?" श्रीरंग म्हणाले. "बावीस वर्षांत एक फ्यूज उडाला नाही."

"फ्यूज उडायला पुष्कळ प्रवाह लागतो, बाबा. लेकराला झटका बसायला फार थोडा पुरतो."

पुढच्या दिवशी सकाळी सहाला श्रीरंग मला घेऊन हॉलवर गेले. मेन बंद केला, दिवे-पंखे सोडवले, एक चिमटा वायरीला, एक खांबाला. सुई अठरावर थांबली.

"बघ," श्रीरंग म्हणाले. "पास."

"जानेवारीत दोनशे होते."

"अठरा म्हणजे पास, विनू."

"मग साडेतीनला पुन्हा मोजू. तुमचाच मेगर, तुमचाच हात."

विनताने हे का म्हटलं, ते सांगतो. प्लास्टिक विजेला अडवतं, असं तुम्ही शाळेत शिकता. पण किती अडवतं, हे तापमानावर ठरतं. थंडीत त्याच्या आतले विजेचा भार वाहणारे सूक्ष्म कण जखडलेले असतात. ऊब वाढली की ते सैल होतात, सरकू लागतात आणि त्यांच्याबरोबर वीज झिरपते. संगमरवराला उन्हाचं फारसं वाटत नाही. वायरीवरच्या प्लास्टिकला फार वाटतं. दहा-वीस अंश वाढले की त्याची ताकद कितीतरी पटींनी उतरते. रात्री गार झालं की पुन्हा परत येते. म्हणून सकाळी पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

साडेतीन वाजता हॉलमध्ये पाऊल ठेवलं तेव्हा माझी पेटीसुद्धा तापली. मंडळाच्या अध्यक्षा इंदिराबाई पदराने वारा घेत उभ्या होत्या. नथ्थूने मेन बंद केला, शिडी लावली आणि विनताचा थर्मामीटर वायरीशी धरला.

"चौंसठ डिग्री, दीदी."

श्रीरंगांनी दांडा फिरवला. सुई दहाच्या खाली आली. पाचच्या. एकच्या. शून्य पूर्णांक दोनवर येऊन उभी राहिली.

"मेगर को लू लग गई, काका," नथ्थू वरून म्हणाला. कोणी हसलं नाही.

श्रीरंगांनी माझे चिमटे सुटे धरून दांडा फिरवला. सुई अनंतावर गेली. चिमटे एकमेकांना जोडले. सुई शून्यावर आली. माझ्यात दोष नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटत होतं, की मी बिघडलेला निघावा. त्यांचा अंगठा माझ्या काचेवर दाबून राहिला. तो ओला होता.

"वायर कशी आहे, नथ्थू?"

"मोम जैसी, काका. कैची की धार पे धँस गई है. नाखून का निशान पड़ रहा है." मेणासारखी मऊ झालेली वायर कैचीच्या धारेत रुतली होती आणि तिथूनच वीज खांबात उतरत होती.

"फक्त तेवढा तुकडा बदलू," श्रीरंग हळूच म्हणाले.

"आणि बाकी सात कैच्या?" विनताने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. "बाबा, काम तुम्ही चांगलंच केलं. पण ही वायर बावीस उन्हाळे या पत्र्याखाली भाजली."

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याची एकच विनंती आहे. वस्तू पुसून कपाटात ठेवली म्हणजे तिला जपलं, असं नाही. ज्या घडीला तिच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो, त्या घडीला तिला विचारा. आणि ती जे सांगेल ते ऐकून घ्या, आवडलं नाही तरी.

फाटकाची कडी वाजली. मुलं लवकर आली होती. अवंती सगळ्यांत पुढे. सँडल काढताना तोल सावरायला तिने सवयीने खांब धरला. मेन बंद होता. तरी विनताने पुढे होऊन तिचा हात सोडवला आणि स्वतःच्या हातात धरून ठेवला.

नथ्थू शिडीवरून उतरून संगमरवराच्या पाटीपाशी गेला. त्याचा हात मेनच्या दांड्यावर होता.

"बच्चे आ गए. चालू करूँ?"

इंदिराबाईंनी श्रीरंगांकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाल ते, श्रीरंगराव. दर वेळी तुम्हीच सांगता."

श्रीरंगांनी माझ्या तारा नीट गुंडाळल्या, एकावर एक, कारखान्यात गुंडाळत तशा. वहीत आजची तारीख घातली. तारखेपुढे तापमान लिहिलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा. मग आकडा लिहिला. मग पत्र्याकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "हात काढ तिथून, नथ्थू. इंदिराबाई, मुलांना घरी पाठवा. ही वायर माझी आहे, म्हणून मीच सांगतो. सगळी काढायची."