भोपळ्याचा लंगोट

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कुणाला सांगायची गरजच नाही. ते काम आमचे हे चोख करतात. पण त्या दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर उभी होते, तेव्हा तो नाक सोडून कानशिलापर्यंत चढला होता.

टेबलावर भोपळ्या होता, लेकीचा ससा. नोकरीसाठी परगावी जाताना, "आई, तू आहेस म्हणून ठेवून जातेय," असं म्हणत तिनं तो माझ्या हातात दिला. वयानं थकलेला, मागचे पाय अधू आणि लघवीवर ताबा नाही. बसेल तिथे ओलं. त्याला कोरडं ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच खेपेला बजावलं होतं.

आता कोरडं कसं ठेवायचं ते मला कुणी शिकवायला हवं का? तीस वर्षं मी कपडे शिवतेय. टाका उसवला म्हणून एक बाई आजवर परत आलेली नाही. मी रीतसर भोपळ्याचं माप घेतलं. आतून मऊ सुती कापड, बाहेरून प्लास्टिकचं अस्तर, मांड्यांपाशी इलॅस्टिक, आणि त्याला कुरतडता येऊ नये म्हणून हूक पाठीवर. असे सात लंगोट शिवले. थेंब बाहेर येईल तर शपथ! वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंची म्हातारी मांजरही अशीच गळकी. त्यांनी लंगोट पाहिला, तोंडभरून कौतुक केलं, आणि मी हुरळून त्यांनाही तीन शिवून दिले.

डॉक्टरीणबाईंनी हूक काढले आणि लंगोट बाजूला केला. आत लालभडक. केस झडलेले, उरलेल्यांची चिकटून जट झालेली, आणि कातडी अशी सोललेली की माझ्याच मांड्या चरचरल्या.

"यात कोरडं कोण राहिलं?" त्यांनी विचारलं.

"आधी सांगायचं होतंत!" मी ओरडले. बाहेर बसलेली माणसं आत डोकावली.

"सांगितलं होतं. ससा कोरडा ठेवा म्हटलं होतं. घर नाही." त्यांनी आवाजही चढवला नाही, त्याचा मला जास्त संताप आला. "तो दिवसभर स्वतःच्या लघवीत भिजत होता, बाई. आता चार दिवस बघू. नवी कातडी धरली तर ठीक. जखम चिघळली, तर मी त्याचे हाल वाढवणार नाही."

म्हणजे शेवटची सुई, हे मला न सांगता कळलं.

घरी येऊन मी सगळे लंगोट ह्यांच्या अंगावर फेकले. "घ्या! तुमच्या फरशीपायी झालंय हे!"

आमचे हे फरशी बसवणारे. जन्मभर लोकांच्या घरी गुडघे झिजवले, आणि गेल्या वर्षी कुठे स्वतःच्या घरात फरशी घातली. तेव्हापासून घरात पाय टाकायची चोरी. भोपळ्याचा थेंब पडला रे पडला की फडकं घेऊन हजर, आणि वर "डाग धरेल, डाग धरेल" हा जप. म्हणून तर मी मशीनवर बसले होते.

"फरशी माझी, कबूल," हे एकेक लंगोट उचलत म्हणाले, "पण शिवले कुणी?"

मी ताटली आपटली.

मग चार दिवस भोपळ्यानं दुसरा धंदा सुचू दिला नाही. डॉक्टरीणबाईंनी मागचे केस मशीननं बारीक करून दिले होते. मी कोमट पाण्यात कापूस भिजवून तेवढीच जागा धुवायची, न घासता मऊ कापडानं टिपायची, पार कोरडी झाली की मलमाचा पातळ हात फिरवायचा. खाली जाड चादरीच्या घड्या, ओली झाली की लगेच बदलायची. भोपळ्या दातांवर दात करकरवायचा. दुखत होतं त्याला. ह्यांनी एकदा न सांगता त्याला मांडीवर धरलं. विजार भिजली, फरशीवर ओघळ गेला. हे ओघळाकडे बघत राहिले, पण उठले नाहीत.

"वर मास्तरीणबाईंना सांगितलंस ना?" त्यांनी विचारलं.

"सांगते," म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की मी दार लोटून घ्यायची. मांजरीची कातडी जाड असेल, त्या रोज बघत असतील, असं काहीबाही मनाला सांगत राहिले. तीस वर्षांत एक बाई परत आली नव्हती, आणि आता मी स्वतः जाऊन सांगायचं?

चौथ्या दिवशी भोपळ्याची कातडी गुलाबी झाली होती. एका कडेनं लव फुटत होती. "वाचला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या हाताला गुण आहे हो."

ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. वाटली ती लाज. घरी भोपळ्याला ह्यांच्याकडे दिलं, शिवण उसवायची छोटी कात्री उचलली आणि तडक जिना चढले.

मास्तरीणबाईंनी हसत दार उघडलं. "या या! अहो, घरात वाससुद्धा नाही बघा. मांजर तेवढी दोन दिवस खात नाहीये, वय झालं दुसरं काय."

मांजर कोपऱ्यात होती. मी जवळ गेले तर गुरगुरली. हूक गच्च बसले होते, माझ्याच हातचे; ओलीनं फुगलेलं कापड सुटता सुटेना. मी कात्री घातली.

"अहो, कापता कशाला? इतकं मापात शिवलंय, कुठे फट म्हणून नाही!"

"म्हणूनच," मी म्हटलं. लंगोट दोन्हीकडे पडला, आत तसंच लालभडक, आणि मास्तरीणबाईंचं हसू गेलं.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या मांजरीचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण लंगोटानं असं होतं, हे मला चार दिवसांपासून माहीत होतं."